'सहविचार' या शब्दाची चिकित्सा : केंद्रसंमेलन ते शिक्षण परिषद (धाराशिव जिल्ह्याच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

शालेय प्रशासनाच्या मराठीत 'सहविचार सभा' हा एक सुंदर शब्द रूढ आहे. मुख्याध्यापकांची सहविचार सभा, विषय शिक्षकांची सहविचार सभा अशा मथळ्याची पत्रे वर्षभर शाळांकडे येत असतात. एकत्र बसून विचार करणे हा या शब्दाचा सरळ अर्थ होय. परंतु अशा बहुतांश सभांमध्ये एकजण सूचना देतो आणि उर्वरित सर्वजण त्या वहीत उतरवून घेतात. 'सह' उरतो, 'विचार' मात्र वरून तयार होऊन आलेला असतो. प्रस्तुत लेखात शिक्षकांच्या एकत्र बसण्याच्या या व्यवस्थेची, विशेषतः प्राथमिक स्तरावरील केंद्रसंमेलन व अलीकडच्या शिक्षण परिषदेची, चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे.

शिक्षकांच्या सहयोगी गटसभांविषयीचे बहुतेक लेखन इंग्रजीत व अमेरिकेतील शाळांच्या संदर्भात झाले आहे. तेथे एका शाळेत एकाच इयत्तेचे तीन-चार शिक्षक असतात आणि ते आठवड्यातून ठरलेल्या तासाला एकत्र बसतात असे गृहीत धरलेले असते. आपल्याकडे हे गृहीतकच लागू पडत नाही. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ च्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांसाठी ६० पर्यंत पट असल्यास दोन शिक्षक देय आहेत. धाराशिव जिल्ह्यातील वाडी, वस्ती व तांड्यांवरील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा या मर्यादेच्या आत येतात. दोन शिक्षकांच्या शाळेतील सभा म्हणजे मधल्या सुट्टीत व्हरांड्यात होणारे बोलणे. त्यातही एकजण प्रशिक्षणाला किंवा पंचायत समितीत गेलेला असेल तर तेही नाही. म्हणून आपल्या जिल्ह्यात शिक्षकांचा गट शोधायचा झाल्यास तो शाळेत नव्हे, केंद्रात शोधावा लागतो. शाळेअंतर्गत सभांविषयीचे परदेशी उपाय जसेच्या तसे उचलणाऱ्या आपल्याकडील लेखनात ही साधी बाब निसटून जाते.

केंद्ररचनेची पार्श्वभूमी :

जवळजवळच्या शाळांनी एकमेकींच्या आधाराने काम करावे ही कल्पना नवी नाही. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळासमूहाची शिफारस केली होती. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तिचा पुरस्कार केला आणि राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये शाळासंकुल या नावाने ती पुन्हा आली. एकाच कल्पनेची तीन वेळा शिफारस करावी लागते, यातच तिच्या अंमलबजावणीची कथा सामावलेली आहे. महाराष्ट्राने मात्र या बाबतीत तुलनेने लवकर पाऊल उचलले. १९९४ मध्ये राज्यात ४,८६० केंद्रे निर्माण करण्यात आली व प्रत्येक केंद्रासाठी केंद्रप्रमुख हे पद निर्माण झाले. साधारणतः दहा शाळांचा समूह, मधोमध केंद्रशाळा, महिन्यातून एकदा सर्व शिक्षकांचे एकत्र येणे आणि केंद्रप्रमुखाने शाळाभेटीतून शिक्षकांना शैक्षणिक मदत करणे, अशी ही रचना होती.

आपल्या जिल्ह्याच्या दृष्टीने ते वर्ष आणखी एका कारणाने महत्त्वाचे आहे. स्त्री-साक्षरतेचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेल्या जिल्ह्यांसाठी जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम याच सुमारास सुरू झाला. महाराष्ट्रातून त्याच्या पहिल्या टप्प्यात औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर व उस्मानाबाद हे पाच जिल्हे निवडले गेले. पाचही मराठवाड्यातील. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाला तेव्हा जेमतेम एक वर्ष झाले होते. सास्तूर व उमरगा-लोहारा परिसरातील गावे नव्या जागी वसत होती, शाळांच्या इमारती नव्याने उभ्या राहत होत्या आणि त्याच काळात शिक्षकांनी एकत्र येण्याची व्यवस्थाही प्रथमच रीतसर उभी राहत होती. इमारतींच्या पुनर्वसनावर पुष्कळ लिहिले गेले आहे. या दुसऱ्या उभारणीकडे अभ्यासकांचे तेवढे लक्ष गेलेले नाही.

सभेचे स्वरूप :

केंद्रसंमेलनाचा ठराविक क्रम जिल्हा परिषदेच्या कोणत्याही शिक्षकाला तोंडपाठ असतो. प्रतिमापूजन, स्वागत, प्रास्ताविक, मागील इतिवृत्ताचे वाचन, एखादा आदर्श पाठ, मान्यवरांचे मार्गदर्शन, स्नेहभोजन, प्रशासकीय सूचना आणि आभार. या क्रमात 'चर्चा' हा शब्दही असतो, परंतु तो बहुधा वेळ संपत आल्यावर येतो. प्रशासकीय सूचनांना शिक्षकांच्या बोलीत 'टपाल' म्हणतात आणि सभेचा खरा गाभा टपाल हाच असतो. शालेय पोषण आहाराची माहिती, आधार जोडणी, यू-डायस, शिष्यवृत्तीचे प्रस्ताव, गणवेशाचा हिशोब. यांपैकी कोणतीही बाब अनावश्यक आहे असे म्हणता येणार नाही. परंतु यांपैकी कोणत्याही बाबीसाठी दहा शाळांचे शिक्षक एका छताखाली येण्याची गरज नसते.

गेल्या काही वर्षांत टपालासाठी व्हॉट्सॲप गट झाले. त्यामुळे सभेचा वेळ मोकळा होईल अशी अपेक्षा करणे स्वाभाविक होते. घडले ते वेगळेच. गटावर आलेली सूचना सभेत पुन्हा वाचून दाखवली जाते आणि सभेतील सूचना गटावर पुन्हा टाकली जाते. पूर्वी सूचना महिन्यातून एकदा येत असे, आता ती रात्री दहालाही येते व 'आजच, तात्काळ' असा शेरा घेऊन येते. केंद्रसंमेलनाचे नामांतर शिक्षण परिषद असे झाल्यानंतर राज्य स्तरावरून शैक्षणिक विषयपत्रिका येऊ लागली, हे निश्चितच पुढचे पाऊल होते. मात्र तिच्यातही एक विसंगती आहे. विषयपत्रिका राज्यभर एकच असते. उमरगा तालुक्यातील कन्नड बोलणाऱ्या घरातून आलेले मूल, तुळजापूर तालुक्याच्या तांड्यावर गोरमाटी बोलणारे मूल आणि कोकणातील मूल यांच्या शिक्षकांपुढे एकाच महिन्यात एकच शैक्षणिक प्रश्न उभा असतो, असे त्यात गृहीत धरले जाते.

एकाकी शिक्षक व लादलेले सहकार्य :

शिक्षकाचा व्यवसाय मुळातच एकाकी आहे, हे डॅन लॉर्टी यांनी १९७५ मध्ये 'स्कूलटीचर' या ग्रंथात दाखवून दिले. अंड्यांच्या ट्रेमध्ये प्रत्येक अंडे आपापल्या खाच्यात सुरक्षित व वेगळे असते, तसा प्रत्येक शिक्षक आपल्या वर्गात असतो, असे चित्र त्यांनी उभे केले. ज्युडिथ वॉरेन लिटल यांनी १९८२ च्या आपल्या अभ्यासात चांगल्या शाळांतील शिक्षकांचे परस्परसंबंध तपासले. त्यांना आढळले की अशा शाळांत शिक्षक अध्यापनाविषयी वारंवार आणि नेमके बोलतात, एकमेकांचे वर्ग पाहतात, साहित्य एकत्र तयार करतात आणि एकमेकांना शिकवतात. यातील 'नेमके' हा शब्द महत्त्वाचा आहे. 'मुलांना वाचन येत नाही' हे बोलणे नेमके नव्हे. 'जोडाक्षर आले की माझ्या वर्गातील सात मुले थांबतात, आणि त्यांतील चार जण अक्षर ओळखतात पण जोड लावत नाहीत' हे नेमके बोलणे होय. पहिल्या वाक्यावर सगळे माना डोलावतात. दुसऱ्या वाक्यावर शेजारचा शिक्षक काहीतरी सांगू शकतो.

रिचर्ड ड्युफोर व रॉबर्ट ईकर यांनी १९९८ मध्ये मांडलेली व्यावसायिक अध्ययन समुदायाची संकल्पना आपल्याकडील प्रशिक्षणांतही आता परिचित झाली आहे. विद्यार्थ्याने काय शिकावे, ते शिकला हे कसे समजेल, शिकला नाही तर काय करू आणि ज्याला आधीच येते त्याच्यासाठी काय करू, हे चार प्रश्न पुढे त्या संकल्पनेचा कणा बनले. प्रश्न निर्विवाद चांगले आहेत. परंतु ते चार रकान्यांचा तक्ता होऊन सभेत आले की त्यांचीही माहिती भरली जाते आणि तक्ता वरिष्ठ कार्यालयास सादर होतो. अँडी हारग्रीव्हज यांनी १९९४ मध्ये याच धोक्याकडे लक्ष वेधले होते. प्रशासनाने वेळ, विषय आणि स्वरूप ठरवून दिलेल्या सहकार्याला त्यांनी कृत्रिम सहकार्य म्हटले आणि ते शिक्षकांच्या स्वाभाविक सहकार्याची जागा घेऊ शकत नाही असे प्रतिपादन केले. आपल्या शिक्षण परिषदेचे वर्णन करण्यासाठी यापेक्षा अचूक संज्ञा प्रस्तुत लेखकाला तरी सापडलेली नाही. तथापि, हारग्रीव्हज यांचे विवेचन आपल्याकडे पूर्णतः लागू होत नाही, हेही नोंदवले पाहिजे. दहा-बारा किलोमीटरवर विखुरलेल्या दोनशिक्षकी शाळांमध्ये स्वाभाविक सहकार्य आपोआप घडण्याची शक्यता नाही. कोणीतरी दिवस ठरवावा लागतो, कर्तव्यकाळ मान्य करावा लागतो. म्हणजेच येथे शासनाने सभा बोलावणे हा दोष नाही. बोलावल्यानंतर सभा शिक्षकांच्या हाती न सोपवणे हा दोष आहे.

आदर्श पाठाचा प्रश्न :

केंद्रसंमेलनातील सर्वांत मोलाचा आणि सर्वांत वाया गेलेला घटक म्हणजे आदर्श पाठ होय. एक शिक्षक प्रत्यक्ष मुलांसमोर शिकवतो व पन्नासभर शिक्षक पाहतात, ही संधी इतर व्यवसायांतही सहजी मिळत नाही. परंतु 'आदर्श' या विशेषणाने तिचे नुकसान केले आहे. पाठ आदर्श असल्यामुळे तो आधी घोटून घेतला जातो, हुशार मुले पुढे बसवली जातात, साहित्य नवेकोरे असते. पाठ संपल्यावर टाळ्या वाजतात, पुष्पगुच्छ दिला जातो आणि 'अतिशय सुंदर पाठ झाला' असा अभिप्राय नोंदवला जातो. आदर्श पाठावर प्रश्न विचारणे हे सहकाऱ्याचा अपमान करण्यासारखे वाटते. ते विचारले जात नाहीत.

जपानमधील 'जुग्यो केन्क्यू' म्हणजे पाठाभ्यासाशी याची तुलना उद्बोधक ठरते. जेम्स स्टिग्लर व जेम्स हीबर्ट यांच्या १९९९ मधील 'द टीचिंग गॅप' या ग्रंथामुळे ही पद्धत जगभर चर्चेत आली. तेथेही एक शिक्षक शिकवतो व इतर पाहतात. फरक दोन ठिकाणी आहे. पाठ एकट्याचा नसतो, तो गटाने अनेक बैठकांत मिळून रचलेला असतो. त्यामुळे पाठ फसला तर शिकवणाऱ्याची अब्रू जात नाही, गटाची मांडणी फसते. दुसरे असे की निरीक्षक शिक्षकाकडे नव्हे, मुलांकडे पाहतात. कोणते मूल कोठे अडले, कोणी काय लिहून खोडले, कोणत्या प्रश्नाला शांतता झाली, याची नोंद होते व चर्चा त्या नोंदींवर होते. मग पाठ दुरुस्त करून दुसऱ्या वर्गात पुन्हा घेतला जातो. आपल्याकडे पाठ एकदाच होतो. सुधारलेला पाठ पाहण्याची सोय केंद्राच्या वार्षिक नियोजनात नसते.

येथे अध्यापक महाविद्यालयांविषयीही एक शब्द लिहिणे अप्रस्तुत ठरणार नाही. डी.एड. अथवा बी.एड. करताना प्रत्येक छात्राध्यापक सहाध्यायांच्या पाठांचे निरीक्षण करतो, निरीक्षणवही भरतो, पाठानंतरच्या चर्चेत बसतो. त्यातील पुष्कळशा नोंदी 'फलकलेखन चांगले, आवाज स्पष्ट' अशा असतात हे खरे असले, तरी सवय लागलेली असते. नेमणुकीचा आदेश हाती पडला की ती सुटते. त्यानंतर निवृत्तीपर्यंत त्याच्या वर्गात जो कोणी येतो तो तपासणीसाठी येतो. वर्गाच्या दारात दुसरे मोठे माणूस दिसताच शिक्षकाने सावध व्हावे, हे त्यामुळे ओघानेच आले.

कुमठे बीटचा धडा :

शिक्षकांच्या सामूहिक विचारातून काय घडू शकते याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे सातारा तालुक्यातील कुमठे बीट होय. विस्तार अधिकारी श्रीमती प्रतिभा भराडे यांच्या पुढाकाराने तेथील जिल्हा परिषद शाळांमधील शिक्षकांनी ज्ञानरचनावाद समजून घेतला, वर्गात करून पाहिला आणि पुन्हा एकत्र बसून त्यावर बोलणे केले. अधिकारी तपासणारा नव्हे तर शिकण्यात सहभागी होणारा असेल तर सभेचा स्वभाव बदलतो, हे त्यातून दिसले. २२ जून २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयानंतर राज्यभरातून शिक्षकांचे गट कुमठे बीट पाहण्यास गेले. त्यांत आपल्या भागातील शिक्षकही होते.

पुढे काय झाले हे आपण सर्वांनी पाहिले आहे. वर्गांच्या फरशा रंगल्या. चौकटी, अंक, अक्षरे, सापशिडी यांनी जमिनी भरून गेल्या. दृश्य होते ते नेता आले. ज्या बोलण्यातून ते दृश्य निर्माण झाले होते ते बोलणे नेता आले नाही, कारण ते भेटीला आलेल्या पाहुण्यांना दिसण्यासारखे नव्हते. फरशी रंगवली की छायाचित्र निघते. पाच शिक्षक एका मुलाच्या वहीवर अर्धा तास बोलत बसले तर त्याचे छायाचित्र कोणत्याही अहवालात चांगले दिसत नाही. अर्थात रंगवलेल्या फरशीवर मुले आनंदाने खेळली, काही शाळांत शिकलीही, हे नाकारण्याचे कारण नाही.

याच मानसिकतेची दुसरी बाजू म्हणजे उपक्रमशील शिक्षकाचा गौरव. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेतील श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. त्यांनी पुरस्काराची अर्धी रक्कम अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटली, ही त्या घटनेतील सर्वांत शैक्षणिक बाब होती असे म्हणता येईल. आपले पुरस्कार मात्र व्यक्तीला असतात. एखाद्या केंद्रातील सर्व शिक्षकांनी मिळून दोन वर्षांत एक प्रश्न सोडवला, यासाठी पुरस्कार देण्याची पद्धत रूढ नाही. त्यामुळे चांगली युक्ती सापडलेला शिक्षक ती सभेत मांडण्याऐवजी प्रस्तावासाठी राखून ठेवतो, आणि त्याला दोष तरी कसा द्यावा?

ऊसतोडीच्या मुलांचा प्रश्न :

केंद्राच्या सभेने विचार करावा असा नेमका प्रश्न कोणता, याचे उत्तर आपल्या जिल्ह्यात शोधण्यास फार दूर जावे लागत नाही. कळंब, वाशी, भूम व परंडा तालुक्यांतील अनेक गावांमधून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मुले बरोबर जातात. शैक्षणिक वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग ती कारखान्याच्या तळावर असतात. गावातच राहू शकणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे व तिचा उपयोगही झाला आहे. पण योजनेचा विचार होतो तो मुले किती, प्रस्ताव कधी, अनुदान केव्हा या भाषेत. शैक्षणिक प्रश्न वेगळाच आहे. सप्टेंबरात वर्गातून निघणारे मूल कोणत्या टप्प्यावर होते, मार्चमध्ये परत आले तेव्हा कोठे आहे आणि उरलेल्या सहा-सात आठवड्यांत त्याला काय शिकवावे?

हा प्रश्न एकाच शाळेचा नसतो. एका केंद्रातील पाच-सहा गावांतून एकाच मुकादमाबरोबर मुले गेलेली असतात. परतणाऱ्या मुलांना वाचनाच्या कोणत्या पायरीपासून घ्यावे हे प्रत्येक शिक्षक एकट्याने शोधतो, आणि पुढच्या वर्षी बदली झाल्यास ते शोधणे तेथेच संपते. 'असर'च्या सर्वेक्षणातील अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी साधी वाचनचाचणीदेखील यासाठी पुरेशी आहे. सप्टेंबरच्या परिषदेत जाणाऱ्या मुलांची नोंद एकत्र ठेवावी आणि मार्चच्या परिषदेत तीच नोंद समोर घेऊन बसावे. २०२१ मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाने तिसरीच्या मुलाने मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत असे उद्दिष्ट ठेवले आहे. ऊसतोडीहून आलेल्या तिसरीच्या मुलीसाठी हे उद्दिष्ट कोणत्या वाटेने गाठायचे, याचे उत्तर पुण्याहून येणाऱ्या विषयपत्रिकेत असू शकत नाही. ते कळंबच्या एखाद्या केंद्रातील चाळीस शिक्षकांनाच मिळून शोधावे लागेल. त्यांच्यापैकी कोणाला तरी गेल्या वर्षी एका मुलीच्या बाबतीत ते सापडलेलेही असेल.

वेळ, अध्यक्षस्थान व इतिवृत्त :

शिक्षण हक्क अधिनियमाने शिक्षकासाठी आठवड्याला ४५ तास ठरवताना पूर्वतयारीचा वेळ त्यात धरला आहे. याचा अर्थ तयारी हे काम आहे, शिक्षकाची हौस नव्हे, हे कायद्याने मान्य केले आहे. एकत्रित तयारी ही त्याच वेळेतून काढता येते. २०२० च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकासाठी वर्षाला ५० तासांच्या निरंतर व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली आहे. हे तास ध्वनिचित्रफिती पाहून व प्रमाणपत्रे उतरवून घेऊनच पूर्ण करावेत असे धोरणात कोठेही म्हटलेले नाही. केंद्रातील पाठाभ्यासाचे तास यात मोजले गेले तर शिक्षकांवर नवा भार न टाकता सभेला प्रतिष्ठा मिळेल.

अध्यक्षस्थानाचा मुद्दा थोडा नाजूक आहे. केंद्रप्रमुख हा शैक्षणिक मदतनीस म्हणून कल्पिलेला होता. पदे दीर्घकाळ रिक्त राहिल्याने एकाकडे दोन-तीन केंद्रांचा कार्यभार आला आणि तो माहिती गोळा करणारा दुवा बनला. अशा स्थितीत सभा त्याच्याच खांद्यावर ठेवण्याऐवजी तिचे संचालन शाळांकडे आळीपाळीने देणे व्यवहार्य आहे. दोनशिक्षकी शाळेतील तरुण शिक्षिकेला वर्षातून एकदा सभा चालवावी लागली, तर ती इतर नऊ वेळा वेगळ्या नजरेने सभेत बसेल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या अधिव्याख्यात्यांनी येथे मार्गदर्शनाचे भाषण करण्याऐवजी निरीक्षकांच्या रांगेत बसून नोंदी घ्याव्यात, अशी सूचना काहींना धाडसाची वाटेल. अध्यापक महाविद्यालयांतील आम्ही प्राध्यापकांनीही त्याच रांगेत बसावे, हे ओघाने आलेच.

राहिला प्रश्न इतिवृत्ताचा. आजच्या इतिवृत्तात अध्यक्ष कोण होते, मार्गदर्शन कोणी केले, आभार कोणी मानले आणि कोणत्या सूचना देण्यात आल्या हे नोंदलेले असते. कोणता प्रश्न विचारला गेला हे नोंदलेले नसते. सुधारणेसाठी यापेक्षा स्वस्त जागा दुसरी नाही. त्याच नोंदवहीत, सूचनांच्या आधीचे एक पान न सुटलेल्या प्रश्नांसाठी ठेवावे. प्रश्न कोणी मांडला, कोणत्या वर्गाचा, कोणत्या मुलांबाबत, पुढील परिषदेपर्यंत कोण काय करून पाहणार, एवढेच त्यात लिहावे आणि पुढच्या महिन्यात मागील इतिवृत्ताच्या वाचनाऐवजी ते पान वाचावे. करून पाहिले पण जमले नाही, अशी नोंदही तेथे चालावी. गटशिक्षणाधिकारी कार्यालयाने हे पान मागवू नये, त्याचा गोषवारा करू नये आणि त्यावर क्रमांकन देऊ नये, एवढी एक लेखी हमी मात्र पहिल्या परिषदेपूर्वीच मिळायला हवी.